सारंगांच्या घरची भाषा

"मग काय लिहायला हवं होतं, अम्मा? तूच सांग. फॉर्मवर रकाना एकच होता!"

"रकाना एक म्हणून काय खोटं लिवशील?"

"खोटं काय त्यात? आपल्यात सगळे उर्दूच लिहितात. माझ्या शाळेच्या दाखल्यावर उर्दू, काशिफाच्या दाखल्यावर उर्दू. मागल्या खानेसुमारीत त्या मास्तरला तूच सांगितलंस, उर्दू म्हणून. चहा पण पाजलास त्याला."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जहुराला झोंबलं. पडवीत बसून ती सोडे निवडत होती. हातातला सोडा तिने सुपात असा आपटला, की सुकी कोळंबी नसून मुझम्मिलचा कानच तिथं असावा.

"मी सांगितलं ते सरकारला. सरकारला काय, कायपन चालतं. ही गोष्ट तुज्या बापाच्या तोंडाची हाय."

मुझम्मिल तिचा थोरला. मीरा रोडला त्याचं तिकिटांचं ऑफिस होतं, अकराव्या मजल्यावर घर होतं. बापाला न्यायला तो शनिवारी बोर्लीला आला होता. उद्या सकाळी सातला आडवं झोपवून नेणारी गाडी यायची होती. जहुराचं म्हणणं होतं, गाडी येऊ नये. कालपासून हे चाललं होतं. रात्री झोपेपुरतं थांबलं आणि सकाळच्या चहाबरोबर पुन्हा सुरू झालं.

आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर इसहाक सारंग पडून होते. चार महिन्यांपूर्वी फजरच्या नमाजाला उठले आणि मोरीच्या दारात कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर जबान गेली. नुसती अडखळली असती तरी चाललं असतं, पण ती साफच गेली. तोंडातून "अ... अ..." एवढंच निघायचं, आणि तेही निघालं की ते स्वतःच लाजून भिंतीकडे वळायचे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे. मग बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम मिळाल्या. त्या मोबाइलवर दिसायच्या. बाई कामाची होती, आवाजही गोड होता. तिने आधी फॉर्म पाठवला. 'घरात बोलली जाणारी भाषा' पुढे मुझम्मिलने सवयीने उर्दू लिहिलं. 'इंग्रजी कितपत येते' पुढे लिहिलं, येत नाही. मॅडमनी आठवड्यातून दोनदा, दोन महिने चित्रं दाखवली. सफरचंद. घोडा. दवात. "चचाजान, यह क्या है? कोशिश कीजिए, शाबाश." सारंग एकदा चित्राकडे बघायचे, एकदा मोबाइलकडे, आणि डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी मॅडमनी लिहून पाठवलं की रुग्णाला समजही कमी आहे. त्यांच्या मीरा रोडच्या केंद्रात रोज आणलं, सहा महिने ठेवलं, तर कदाचित फरक पडेल.

"समज कमी" हे वाक्य काशिफाने वाचून दाखवलं, त्या दिवशी जहुरा जेवली नव्हती. काशिफा धाकटी सून. तिचा नवरा कुवेतला, ती गावातच उर्दू शाळेत शिकवायची. तीच दुपारी सासूला म्हणाली, "अम्मा, मला एक सांगा. अब्बा तुमच्याशी उर्दूत कधी बोललेत?"

जहुराने आठवून पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात दोनदा. एकदा काशिफाला मागणी घालायला गेले तेव्हा, तेही पाहुण्यांच्या देखत. दुसऱ्यांदा हजच्या फॉर्मवाल्यासमोर. दोन्ही वेळा घरी आल्यावर हुश्श करून टोपी काढली होती, घट्ट बूट काढावेत तशी.

उर्दू ही इज्जतीची भाषा. मौलवीसाहेब आले की बाहेर काढायची, ते गेले की कपाटात. घरात चालायची ती आपली बोली, मोहल्ल्यातल्या सगळ्या मुसलमानांची. पण ती लिहायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोलायला एक आणि लिहायला दुसरी, यात कोणी कधी फसवत नव्हतं. कपडे घरचे वेगळे, बाहेरचे वेगळे, तसंच ते होतं.

"आणि घरात उर्दू नाही, आपली बोली चालते, हे मी फोनवर सांगितलं नाही का तुमच्या मॅडमला?" काशिफा आता दाराशी येऊन मुझम्मिलला म्हणाली. "त्या म्हणाल्या, मराठीच ना ती, मराठी चित्रांचा संच पाठवते. त्यात काय होतं? नांगर! भाईजान, अब्बांनी जन्मात नांगर धरलाय?"

"म्हणून तर म्हणतो, तिथं घेऊन जाऊ. समोर बसून शिकवतील. आणि परत काय झालं तर दहा मिनिटांत हॉस्पिटल आहे. इथं काय आहे? माणगावपर्यंत पोचेस्तोवर..." मुझम्मिलने आत खाटेकडे पाहिलं. तो वाईट मुलगा नव्हता. चार महिन्यांत तो सात वेळा येऊन गेला होता, आणि प्रत्येक वेळी बापाची बोटं चोळत बसला होता. "त्यांना समजतं याचा पुरावा काय आहे तुझ्याकडे, अम्मा?"

पुरावा जहुराकडे नव्हता. सारंगांना समजतं हे तिला ठाऊक होतं, पण कसं ते सांगता येत नव्हतं. ती पुन्हा सोडे निवडायला लागली.

इसहाक सतराव्या वर्षी बोटीवर चढले होते. खलाशी म्हणून लागले, मग टंडेल झाले, शेवटची वीस वर्षं सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. लग्नाच्या पन्नास वर्षांतली त्यांची सोबत जहुराने एकदा काशिफाकडून मोजून घेतली होती. निवृत्तीपर्यंतची जेमतेम सहा वर्षं भरली. त्या काळी पत्रं लिहायला दोघांनाही येत नव्हतं. बोटीवरून कॅसेट यायची. कोणी गाववाला घेऊन यायचा, आणि शेजारच्या बायका जमून ती ऐकायच्या. "मी खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा," इथून सुरुवात व्हायची. मग मध्येच लांबून कोणीतरी हाक मारायचं, आणि कॅसेटमधले सारंग त्याला भलत्याच भाषेत काहीतरी ओरडायचे. बायका हसायच्या. "जहुरा, तुज्या नवऱ्याच्या पोटात कोन बसलाय गो?"

कोण बसलंय, ते तिने एकदाच डोळ्यांनी पाहिलं. मुझम्मिल चार वर्षांचा होता. बोट मुंबईला लागली होती आणि सुट्टी मिळत नव्हती, म्हणून सारंगांनी तिलाच गोदीत बोलावून घेतलं. धक्क्यावर पोराला कडेवर घेऊन ती उभी राहिली. वर आकाशात, घराएवढी एक पेटी दोराला लोंबत होती. डेकच्या कडेला एक माणूस उभा होता, एक हात वर करून. त्याने बोट वाकवलं आणि आवाज दिला, "आरिया!" पेटी खाली यायला लागली. "आरिया... आस्ते... आस्ते आरिया... बस!" ती अजस्र पेटी अशी टेकली, जशी बाई झोपलेलं पोर पाळण्यात ठेवते. त्या माणसाभोवती एक बंगाली होता, एक गोव्याचा, दोन मलबारी, आणि लाल केसांचा एक साहेब. तो एकाशी एक बोलत होता, दुसऱ्याशी दुसरं, आणि ओरडत होता ते सगळ्यांना कळत होतं. तो आपला नवरा आहे हे समजायला जहुराला थोडा वेळ लागला. घरी हा माणूस मीठ कमी आहे हेही सांगायचा नाही.

खाली उतरल्यावर तिने विचारलं होतं, "वर बोलत होता ती कंची भाषा?"

सारंग म्हणाले होते, "कामाची."

हे आठवत असताना बाहेर स्कूटर थांबली. भरडखोलचा सदा कोळी आला होता. पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत चड्डी, आणि मागे मासळीचा खोका बांधायची नायलॉनची दोरी. ऐन जवानीत त्याने आठ वर्षं सारंगांच्या हाताखाली खलाशी म्हणून काढली होती. मग त्याने स्वतःची होडी केली. आता ती त्याचा मुलगा चालवतो. सदा रोज संध्याकाळी येऊन खाटेशी गप्प बसायचा आणि निघून जायचा. आज सकाळीच आला, कारण जहुराने बोलावलं होतं. सारंगांना आंघोळीला उचलणारा मोहल्ल्यातला माणूस लग्नाला गेला होता.

"काय गो भाभी, रस्त्यापरत आवाज येतोय! मावरं फुकट वाटतव काय?"

"ये. पोरगा बापाला अकराव्या माळ्यावर चढवतोय. तू पन बोल काय तरी."

"मी काय बोलू? तुमचं घर, तुमचा सारंग." सदा चपला काढून आत गेला. मुझम्मिल त्याच्या मागे गेला. जहुरा, काशिफा, आणि काशिफाची नऊ वर्षांची इन्शा, तीही.

उचलायची रीत ठरलेली होती. पाठीखाली जाड चादर सरकवायची, दोघांनी दोन टोकं धरायची, तोंडाने बिस्मिल्ला म्हणायचं आणि चाकाच्या खुर्चीत ठेवायचं. चार महिने रोज असंच होत होतं, मुकाट्याने. सदाने चादरीची टोकं मुठीला दोन वेढे देऊन घेतली, पाय फाकवले, आणि आठ वर्षांची जुनी सवय, ओझं वर उचलायची बोटीवरची हाक, त्याच्या छातीतून बाहेर पडली.

"हबेस!"

चादर उचलली गेली. मुझम्मिल गडबडला. त्याची बाजू आधी वर गेली, मग धपकन खाली यायला लागली. खुर्ची तिरपी झाली. काशिफा "अरे!" म्हणेपर्यंत चादरीतून आवाज आला.

"आस्ते! आस्ते आरिया."

मुझम्मिलचे हात आपोआप थांबले. तो आवाज विनवणीचा नव्हता, हुकमाचा होता. थोडा जाड, एका बाजूने घरंगळलेला, पण त्याच्या मागे भल्या मोठ्या बोटीची लांबी होती.

"आरिया... आरिया..." सारंगांचा डावा हात चादरीतून वर आला होता. बोट वाकलेलं होतं. "बस."

खुर्चीत ते टेकले ते कळलंसुद्धा नाही.

मग एकच कल्लोळ झाला. "अब्बा! अब्बा बोलले!" काशिफा रडायलाच लागली. मुझम्मिल खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला आणि घाबरलेला माणूस जशी चांगली भाषा काढतो तशी त्याने काढली. "अब्बा, फिर से बोलिए. मेरा नाम क्या है? बोलिए ना."

सारंगांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "अ... अ..." आणि चेहरा मिटला. मान भिंतीकडे वळू लागली.

"गप बसा सगळी!" जहुरा म्हणाली. "इचारू नका त्यांना. पोरासारखं इचारत बसलेत, घोडा दाकव नि नाव सांग. त्यांना काम द्या. सदा, तुज्या गाडीची दोरी आन."

सदाने दोरी आणली. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. त्याने एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं सारंगांच्या डाव्या हातात दिलं. गाठ मात्र मुद्दाम वेडीवाकडी मारली, नव्या खलाशाची असते तशी. मग मिशीवर हात फिरवत बाजूला उभा राहिला.

सारंग त्या गाठीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोणी उष्टं ताट समोर सरकवावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"न्हाय," ते म्हणाले.

चार महिन्यांत या माणसाने कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"हे न्हाय. खोल. खोल!" सदाने खोलली. पुन्हा बांधली. सारंगांनी दोरी ओढून पाहिली, मग इन्शाकडे नजर वळवली, कारण दोरीचा मधला भाग तिच्या हातात होता. "स्लॅक... स्लॅक अवे."

इन्शा श्रीवर्धनला इंग्रजी शाळेत जायची. तिने आजोबांकडे असं पाहिलं, जणू खाटेवरून दुसरंच कोणी उठलं होतं. "दादा, ढील देऊ? लूज?"

"व्हय. स्लॅक अवे. ...होल्ड ऑन. होल्ड!" इन्शाने घट्ट धरली. "मेक फास्ट, सदा."

सदाने बांधली. आता गाठ बरोबर होती.

"मम्मी," इन्शा कुजबुजली, "दादांना इंग्लिश येतं?"

सारंग स्वतःच आयुष्यभर सांगत आले होते, मला इंग्रजी येत न्हाय. इंग्रजी म्हणजे जी वाचतात, लिहितात, टाय लावून बोलतात ती, अशी त्यांची समजूत होती. साहेबांशी तीस वर्षं जे बोलले ते त्यांच्या लेखी बोलणंच नव्हतं. काशिफा मास्तरीण, ती बोटं मोजायला लागली. आपली बोली. सदाशी कोळ्यांची. बाजारात मराठी. गुजराती दुकानदाराशी गुजराती. बोटीवरची हिंदी. हबेस-आरिया, ती तर कुठली कोणास ठाऊक. गोव्याच्या भंडाऱ्याकडून, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याकडून, शिकलेली कोंकणी. आखातातली मोडकी अरबी. आणि ही इंग्रजी. दुसऱ्या हाताचा अंगठा तेवढा उरला, त्याला उर्दू. आणि आपण ह्या माणसाला दोन महिने अंगठ्याला धरून ओढत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिने हात पदराखाली घेतला.

जहुराने काहीच मोजलं नाही. ती फक्त बघत होती. गोदीत वर मान करून बघितलं होतं, तसंच. त्या वेळी वाटलं होतं, एवढं सगळं ह्या माणसाच्या आत आहे आणि आपल्या वाट्याला त्यातलं किती थोडं आलं. आज तिला वाटलं, एवढं होतं म्हणूनच सगळं बुडालं नाही. एका दारातून आत जाता येईना, तर दुसरं दार होतं, तिसरं होतं. अल्लाने एका तोंडात किती दारं ठेवली होती, आणि आपण सगळे एकाच बंद दारावर थापा मारत बसलो होतो. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

सारंग आता दमले होते. घाम आला होता. दोरी मांडीवर पडली होती. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, खारी. त्यांनी नाक किंचित वर केलं, आणि सदाकडे बघून, रोज विचारावं तितक्या सहज, म्हणाले,

"भरती कवा?"

"साडेदहाला, सारंग. आज जरा मोठी हाय, परवा पुनव—" सदा बोलता बोलता थांबला. "भाभी, हे... सारंगांनी मला इचारलं."

पाठ असलेला हुकूम वेगळा, आणि माहीत नाही म्हणून विचारलेला सवाल वेगळा. हा फरक सांगायला कोणा मॅडमची गरज नव्हती. मुझम्मिल भिंतीला टेकून खाली बसला आणि लहानपणी बसायचा तसा, गुडघ्यांत डोकं घालून बसला.

आंघोळ झाली. सारंग झोपले. मग मुझम्मिलने मॅडमना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सरळ म्हणाल्या, चूक माझी, कागदावर होतं तेवढंच मी धरून चालले, घरात बसून अर्धा तास ऐकायला हवं होतं. काशिफाने फोन स्पीकरवर टाकला होता. मॅडम म्हणाल्या, हे किती पुढे जाईल ते मी सांगू शकत नाही. एखादेवेळी इथंच थांबेल. पण आमच्या केंद्रात ही बोली कोणालाच येत नाही, बोटीवरची तर नाहीच. कसं शिकवायचं ते मी तुम्हाला फोनवर दाखवीन. शब्द मात्र तुम्हालाच आणावे लागतील.

फोन ठेवल्यावर मुझम्मिल पडवीत आला. जहुरा पुन्हा सुपापुढे बसली होती, पण सोडे तसेच पडले होते. सदा पायरीवर चहा पीत होता.

"अम्मा, आपण असं करू," मुझम्मिल म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "तिथं नेऊ. सदाकाका पण येतील महिनाभर. मी त्यांची सोय करतो. हॉस्पिटल जवळ राहील."

"मी?" सदा म्हणाला. "अकराव्या माळ्यावर? मना वर नेलास ना, तर खाली फक्त पडून येईन मी."

काशिफा तेवढी हसली.

"दुसरा झटका आला तर, अम्मा? माणगावला पोचेस्तोवर काय करशील तू?"

हा प्रश्न खोटा नव्हता. जहुराने तो टाळलाही नाही. खाडीवरचा रस्ता, घाट, मध्ये कुठे गाडी बंद पडली तर, हे सगळं तिने चार महिने स्वतःशीच हिंडून पाहिलं होतं. मीरा रोडला सारंग जास्त वर्षं जगतील, हे होऊ शकत होतं. अकराव्या मजल्यावर, भिंतीकडे तोंड करून, कोणाला काही न विचारता. तिने सूप बाजूला केलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पदराला हात पुसले.

"काशिफा, इन्शा, हिकडं या. सदा, तू पन आईक."

सगळी जमली.

"मुझम्मिल, गाडीवाल्याला फोन कर, उद्या येऊ नको म्हून सांग. हे कुठं जात न्हाय. दुसरा झटका आला तर तो माज्या माथी, तुज्या न्हाय. उद्या मोहल्ल्यात कोन बोललं तर माजं नाव सांग. सदा रोज सकाळी दहाला येईल, दोरी घेऊन. इन्शा शाळेतून आली की एक तास त्यांच्यापाशी बसेल नि तिची इंग्रजी बोलेल. त्यांच्याशी उर्दूत कोनी बोलायचं न्हाय, मौलवीसाब आले तरी न्हाय, त्यांना मी सांगते. तू दर रविवारी ये, नि येताना तोंड घरचं घेऊन ये. आता जेवायला बसा."